पुराणातलं शब्दशः घ्यायचं की रूपक म्हणून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथवाचनाच्या वर्गात, चातुर्मासातल्या प्रवचनांनंतर आणि निरोपांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं मुख्यतः वेद, उपनिषदं, रामायण, महाभारत, भागवत आणि मराठी संतवाङ्मयातली आहेत.

१. या कथा खऱ्या की खोट्या, एवढं एका शब्दात सांगाल का?

एका शब्दात सांगता येत नाही, कारण इथे दोन प्रश्न एकात गुंतलेत. हे घडलं का, हा एक. हे सांगून ग्रंथाला काय म्हणायचं आहे, हा दुसरा. कठोपनिषदातला नचिकेता तीन रात्री यमाच्या घरी उपाशी राहतो. असा मुलगा खरोखर होऊन गेला की नाही, यावर त्या उपनिषदातलं आत्म्याविषयीचं एकही वाक्य अवलंबून नाही. महाभारत कुरुकुळाची वंशावळ देतं तेव्हा मात्र ‘याचा मुलगा हा, त्याच्यानंतर तो गादीवर आला’ असंच त्याला सांगायचं असतं. तिथे प्रत्येक राजाला एकेका वृत्तीचं नाव देत बसणं म्हणजे ग्रंथाचं न ऐकणं. म्हणून ‘सगळं खरं’ आणि ‘सगळं रूपक’ ही दोन्ही उत्तरं मला आळसाची वाटतात.

२. रूपककथा म्हणजे नेमकी कशी? कुणी वाद घालणार नाही असं उदाहरण द्या.

भागवताच्या चौथ्या स्कंधातलं पुरंजनाचं आख्यान. प्राचीनबर्ही हा राजा यज्ञयागांत गुरफटलेला असतो. नारद त्याला गोष्ट सांगतात: पुरंजन नावाचा राजा फिरत फिरत नऊ दरवाजांच्या नगरीत येतो, तिथल्या सुंदर स्त्रीवर भाळतो आणि तिच्या सुखदुःखांत इतका बुडतो की अविज्ञात नावाच्या जुन्या मित्राला विसरून जातो. नगरीची राखण पाच फण्यांचा नाग करतो. मग चंडवेग नावाचा गंधर्व ३६० गंधर्व आणि ३६० गंधर्वी घेऊन नगरी लुटू लागतो. पाठोपाठ कालकन्या येते आणि नगरी पडते.

राजा सरळ सांगतो की मला हे नीट कळलं नाही. मग एकोणतिसाव्या अध्यायात नारद एकेक धागा सोडवून दाखवतात. नगरी म्हणजे शरीर, नऊ दरवाजे म्हणजे नऊ इंद्रियद्वारं, ती स्त्री म्हणजे बुद्धी, नाग म्हणजे प्राण, चंडवेग म्हणजे वर्ष, गंधर्व-गंधर्वी म्हणजे दिवस आणि रात्री, कालकन्या म्हणजे म्हातारपण, विसरलेला मित्र म्हणजे ईश्वर. पाचव्या स्कंधातल्या भवाटवीचंही असंच आहे: जडभरत रहूगणाला संसाररूपी रानाची गोष्ट सांगतो आणि पुढच्या अध्यायात शुक ती परीक्षिताला उलगडून देतात.

या दोन कथांकडे आधी बघा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण पुराणकारांना रूपक रचायचं असलं की ते कसं रचतात याचा नमुना इथे त्यांच्याच हातचा मिळतो. मजकुरातली बारीकसारीक गोष्टसुद्धा अर्थात बसते, आकडासुद्धा. आणि हे रूपक आहे, असं ग्रंथ स्वतःच सांगतो.

३. रूपक म्हणून वाचणं ही इंग्रजी शिक्षणानंतरची पळवाट नाही का? आपले पूर्वज तर सगळं जसंच्या तसं मानत होते.

नाही. हा वाद आपल्याकडे दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. वेदातल्या शब्दांचा अर्थ उलगडणारं यास्काचार्यांचं निरुक्त इसवी सनापूर्वीचं. त्यात ते विचारतात, वृत्र कोण? उत्तरं दोन नोंदवतात: निरुक्तकारांच्या मते मेघ, ऐतिहासिकांच्या मते त्वष्ट्याचा मुलगा असलेला असुर. आणि पुढे म्हणतात की पाणी आणि तेज यांच्या मिसळण्यातून पाऊस पडतो, तिथे युद्धाची वर्णनं उपमेसाठी येतात. अश्विनीकुमारांबद्दल तर चार मतं दिली आहेत: आकाश-पृथ्वी, दिवस-रात्र, सूर्य-चंद्र, आणि ऐतिहासिकांचं म्हणणं असं की ते पुण्यवान राजे होते. म्हणजे यास्कांच्या काळी ‘हे घडलं’ म्हणणारे आणि ‘हे निसर्गाचं वर्णन आहे’ म्हणणारे असे दोन पक्ष उभे होते, आणि दुसऱ्या पक्षाला कुणी वेदांबाहेर काढलं नव्हतं.

सातव्या शतकाच्या सुमाराचे कुमारिल भट्ट म्हणजे वेदप्रामाण्याचे कडवे पाठीराखे. त्यांनीही इंद्र-अहल्या आणि प्रजापती-कन्या या कथा सूर्य, रात्र आणि उषा यांच्याकडे वळवल्या. (त्यांनी हे का केलं, ते प्रश्न ११ मध्ये.) मांडूक्यकारिकेत गौडपादांनी सृष्टीच्या उत्पत्तीबद्दल मातीचे, लोखंडाचे, ठिणग्यांचे दाखले एकत्र घेऊन म्हटलं आहे की सृष्टी वेगवेगळ्या प्रकारे सांगितली ती समजुतीत उतरण्याचा उपाय म्हणून.

४. मग प्राचीन आचार्य सगळं रूपकच मानत होते, असं म्हणायचं का?

तेही चूक. शंकराचार्यांचं नाव घेऊन अनेक जण ‘सगळं प्रतीकात्मक आहे’ असं सांगतात. पण ब्रह्मसूत्रांच्या देवताधिकरणात आचार्य नेमकी उलट बाजू मांडतात. देवतांना शरीर नसतं, मंत्रातलं नाव हीच काय ती देवता, असा मीमांसकांचा, म्हणजे वेदातल्या यज्ञवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, पक्ष होता. आचार्य म्हणतात, देवतांना विग्रह, म्हणजे शरीर, आहे, आणि व्यासादिक त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलत असत. आज कुणाला ते साधत नाही म्हणून पूर्वीही साधत नव्हतं असं म्हणणारा माणूस, आज सार्वभौम राजा नाही म्हणून तो कधीच नव्हता असंही म्हणेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हेच आचार्य उपनिषदांतल्या संवादकथांबद्दल, म्हणजे प्राण आणि इंद्रियं यांचं ‘मोठं कोण’ यावरचं भांडण वगैरेंबद्दल, म्हणतात की आख्यायिका विद्येच्या स्तुतीसाठी आणि सुखानं समजावं म्हणून आहे. एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन निर्णय, कारण दोन ठिकाणची वाक्यं वेगळ्या जातीची आहेत.

५. मग एखादी कथा रूपक आहे हे ओळखायचं कसं? काही नियम आहे की ज्याला जे पटेल ते?

नियम आहेत, आणि ते आपल्याच शास्त्रांत आहेत. ते वापरले जात नाहीत, ही मला खरी खंत वाटते.

पहिला म्हणजे ग्रंथ स्वतः काय सांगतो ते बघा. प्रश्न २ मधल्या कथा तशा आहेत. कठोपनिषदातला रथ तसाच: ‘आत्मानं रथिनं विद्धि’ म्हणताना शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, हे श्रुतीच सांगते. इथे वाद संपतो.

दुसरा नियम शब्दशक्तीचा. साध्या अर्थात अडचण आली तरच लक्षणेकडे जायचं. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे’ म्हटलं की प्रवाहावर घरं बसू शकत नाहीत, म्हणून आपण ‘काठावर’ असा अर्थ घेतो. अडचण नसताना साधा अर्थ सोडायला शास्त्राची परवानगी नाही. द्रौपदीला पाच पती होते, हे वाचून पाच म्हणजे पंचेंद्रियं असं म्हणण्याआधी साध्या अर्थात कोणती अडचण आली ते सांगावं लागेल. ‘मला अवघडल्यासारखं झालं’ ही शास्त्रीय अडचण नव्हे.

तिसरा नियम मीमांसकांचा, अर्थवादाचे, म्हणजे वेदातल्या विधी न सांगणाऱ्या वर्णनपर वाक्यांचे, तीन प्रकार करणारा. ‘यूप म्हणजे आदित्य’, म्हणजे यज्ञातला खांब सूर्य आहे, हे वाक्य डोळ्यांना दिसणाऱ्याच्या विरुद्ध जातं, म्हणून तो गुणवाद: खांब सूर्यासारखा झळाळतो. ‘अग्नी हे थंडीवरचं औषध’ हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून तो अनुवाद. आणि ‘इंद्रानं वृत्रावर वज्र उगारलं’ हे कशाच्या विरुद्धही नाही आणि दुसरीकडून कळलेलंही नाही, म्हणून तो भूतार्थवाद: घडलेलं सांगणारं वाक्य. ज्या वृत्राला निरुक्तकार मेघ म्हणतात (प्रश्न ३) त्याच्याच कथेचं उदाहरण इथे वेगळ्या खणात पडतं, हेही पाहून ठेवा.

चौथा नियम तात्पर्याचा. प्रकरण सुरू कुठे होतं, संपतं कुठे, मध्ये पुन्हा पुन्हा काय येतं, हे पाहून अर्थ ठरवायचा. एक ओळ उचलून नाही.

या सगळ्यांवर शंकराचार्यांचं गीताभाष्यातलं वाक्य आहे: शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे किंवा प्रकाश देत नाही असं सांगितलं, तरी ते प्रमाण होत नाही. तसं वाक्य आलंच, तर श्रुतीला वेगळं काही म्हणायचं आहे असं धरायचं.

६. शेषाच्या डोक्यावर पृथ्वी आणि ग्रहणातला राहू, हे तरी शब्दशः घ्यायचं का?

आपल्या ज्योतिर्विदांनी हे शब्दशः घेतलं नाही. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटांनी लिहून ठेवलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. बृहत्संहितेत वराहमिहिरांनी राहूचं शिर ग्रहण घडवतं हे मत खोडून काढलं. ब्रह्मगुप्तांनी मात्र राहू नाकारणाऱ्यांवर टीका केली, आणि ग्रहणाचं गणित सावलीचंच दिलं.

सर्वांत सुंदर उत्तर भास्कराचार्यांचं आहे. सिद्धांतशिरोमणी हा त्यांचा ग्रंथ ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटणे गावात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हे आपल्या खानदेशाशी जोडलेलं घराणं. ते विचारतात, पृथ्वीला धरणारा कुणी मूर्त आधार मानला तर त्याला दुसरा लागेल, त्याला तिसरा, याला अंत नाही. शेवटचा आपल्याच शक्तीनं उभा आहे असं म्हणणार असाल, तर ती शक्ती पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच का मानू नये? राहूबद्दल त्यांनी समेट सुचवला: शंभूच्या वरामुळे राहू पृथ्वीच्या सावलीत शिरून चंद्राला आणि चंद्रात शिरून सूर्याला झाकतो, म्हणजे कुठल्याच आगमाशी, शास्त्रग्रंथाशी, विरोध नाही. हा समेट मला पटत नाही. पण गणित आणि कथा दोन्ही मानणाऱ्या समाजात राहणाऱ्या माणसाची ती प्रामाणिक धडपड होती, आणि तिच्यासाठी त्यांनी गणितात तिळभर बदल केला नाही.

७. ज्ञानेश्वर आणि एकनाथ कसं वाचत? संतांना तर देव प्रत्यक्ष होता.

ज्ञानेश्वरीचा (शके १२१२) पहिला नमनाचा भाग उघडा. गणपतीचं वर्णन येतं आणि त्याचा एकेक अवयव वाङ्मय होतो. अकार हे दोन पाय, उकार हे विशाल उदर, मकार हे मस्तक. सहा दर्शनं हे हात, तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश, वेदांत हा मोदक. हातातला मोडका दात म्हणजे खंडित झालेलं बौद्धमत. यापेक्षा भरगच्च रूपक मराठीत क्वचितच असेल.

पण यावरून ‘माउलींना गणपती खरा वाटत नव्हता’ असं म्हणाल तर ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. ते नमन करत आहेत. रूपक आणि भक्ती यांत निवड करायची असते, हा ताण त्या ओव्यांत कुठेच नाही. एकनाथांचंही तसंच. भावार्थ रामायणात कौसल्या म्हणजे सद्विद्या, कैकेयी म्हणजे अविद्या असा आध्यात्मिक अर्थ ते लावतात, आणि मग रामाचा वनवास आणि लंकेवरची लढाई अशी रंगवून सांगतात की ऐकणारा बसल्या जागी सरसावतो. त्यांच्या भारुडांत विंचू चावतो तो कामक्रोधाचा, पण वेदना ठसठशीत असते. आतला अर्थ सांगून झाल्यावर कथा फेकून द्यायची नसते, हे मी नाथांकडून शिकलो.

८. ‘युगे अठ्ठावीस विटेवरी उभा’ याचा हिशोब लावायचा का?

लावणारे लावतात. सध्याच्या मन्वंतरातलं अठ्ठाविसावं कलियुग चालू आहे, हे संकल्पात रोज म्हटलं जातं, त्याच्याशी हा आकडा जुळतो. कुणी चार वेद, सहा शास्त्रं, अठरा पुराणं अशी बेरीज करतात. आरतीत ती ओळ म्हणणारा माणूस यांपैकी काहीच करत नसतो. तो ‘केव्हापासून वाट बघतोय’ एवढंच म्हणतो, आणि तिथे तेवढं पुरे आहे.

९. महाभारत युद्धाची तारीख सिद्ध झाली असं वाचतो. मग ते शब्दशः घ्यायला हरकत काय?

तारखा जुन्या काळीही एकमेकांशी जुळत नव्हत्या. दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळेचा शिलालेख शके ५५६ चा, म्हणजे ६३४ चा. त्यात भारतयुद्धाला ३७३५ वर्षं झाल्याचं लिहिलं आहे. हिशोब इसवी सनपूर्व ३१०२ ला, कलियुगाच्या आरंभाला जातो. वराहमिहिरांनी दिलेला युधिष्ठिराचा काळ इसवी सनपूर्व २४४९ वर येतो, आणि बाराव्या शतकात काश्मीरचा कल्हण तोच धरून म्हणतो की कौरव-पांडव कलियुगाची ६५३ वर्षं उलटल्यावर झाले. हस्तिनापूरला १९५० ते १९५२ मध्ये बी. बी. लाल यांनी उत्खनन केलं, तिथे करड्या रंगावर चित्रं काढलेली मृद्भांडी आणि गंगेच्या पुराच्या खुणा सापडल्या. हस्तिनापूर गंगेनं वाहून नेल्यावर राजधानी कौशांबीला हलवली, असं पुराणंही सांगतात. पण ती भांडी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या आसपासची आहेत, वरच्या दोन्ही तारखांच्या खूप अलीकडची.

माझं मत असं की एखादं मोठं कुलयुद्ध या कथेच्या मुळाशी असणं पूर्ण शक्य आहे. त्यातून अठरा अक्षौहिणींचा आकडा मात्र सिद्ध होत नाही. आणि युद्ध झालंच नव्हतं असं उद्या ठरलं, तरी शांतिपर्वातल्या युधिष्ठिराच्या पश्चात्तापाचं वजन कमी होणार नाही.

१०. गीतेतलं युद्ध मनातलं आहे की कुरुक्षेत्रावरचं? गांधीजी एक सांगतात, टिळक दुसरं.

गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’च्या, म्हणजे आपल्या गीता-अनुवादाच्या, प्रस्तावनेत लिहिलं आहे की १८८८-८९ मध्ये गीतेशी पहिली ओळख झाली तेव्हाच त्यांना हा इतिहासग्रंथ नसून, भौतिक युद्धाच्या निमित्तानं माणसाच्या हृदयात चालणाऱ्या द्वंद्वाचं वर्णन वाटलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये छापलेलं ‘गीतारहस्य’ उपक्रम-उपसंहाराची कसोटी लावतं (प्रश्न ५ मधला चौथा नियम). अर्जुन लढायला नकार देतो तिथे ग्रंथ सुरू होतो, आणि ‘करिष्ये वचनं तव’ म्हणतो तिथे संपतो. मग गीता प्रत्यक्ष कर्माविषयी आहे, हे उघड आहे.

कसोटीवर टिळकांची बाजू जड आहे असं मला वाटतं. आणि गांधीजींचा प्रामाणिकपणा असा की गीतेच्या अक्षरार्थाप्रमाणे युद्ध आणि फलत्याग एकत्र नांदू शकतात हे त्यांनी त्याच प्रस्तावनेत मान्य केलं. चाळीस वर्षं गीता आचरणात आणण्याचा प्रयत्न केल्यावर आपल्याला अहिंसेशिवाय पूर्ण फलत्याग अशक्य दिसला, असं ते म्हणाले. ग्रंथाचा अर्थ आणि ग्रंथ जगून कळलेलं यांतला फरक त्यांनी लपवला नाही.

तिसरी वाट डॉ. वि. सी. सुखठणकरांची. १९२५ पासून ते पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या संहितेचे, प्रधान संपादक होते. महाभारताच्या अर्थावर त्यांनी मुंबईत व्याख्यानमाला दिली. चौथं व्याख्यान व्हायच्या आधी, जानेवारी १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं. व्याख्यानं १९५७ मध्ये पुस्तकरूपानं आली. हस्तलिखितांतलं अक्षर न् अक्षर पडताळण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस म्हणतो की महाभारत तीन पातळ्यांवर एकाच वेळी वाचावं लागतं: लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक. अक्षराशी इतकं इमान राखणाऱ्यानं हे म्हणावं, याला माझ्या लेखी मोठी किंमत आहे.

११. अहल्या, एकलव्य, शंबूक या कथा वाचवत नाहीत. त्यांचा आध्यात्मिक अर्थ घेतला तर प्रश्न सुटतो ना?

सुटत नाही, झाकला जातो. ‘एकलव्याचा अंगठा म्हणजे अहंकार, तो गुरूनं काढून घेतला’ हे मी प्रवचनांत ऐकतो तेव्हा मला वाईट वाटतं. आदिपर्वात हा प्रसंग सरळ लिहिला आहे: द्रोणांनी निषादाचा मुलगा म्हणून त्याला शिष्य केलं नाही, अर्जुनाला दिलेला शब्द राखण्यासाठी अंगठा मागितला, आणि नंतर त्याच्या बाणांना पूर्वीची चपळाई राहिली नाही. अहंकाराचा इथे मागमूस नाही. साध्या अर्थात अडचण नसताना साधा अर्थ सोडला, एवढाच याचा अर्थ.

कुमारिलांची गोष्टही अशीच तपासायला हवी. सज्जनांचं आचरण धर्माला प्रमाण मानायचं, तर देवांच्या गैरवर्तनाचं काय, असा आक्षेप आला. नियम वाचवण्यासाठी त्यांनी अहल्येला दिवसात लीन होणारी रात्र केलं आणि इंद्राला सूर्य. तर्क चपखल आहे. पण वाल्मीकी रामायणातली अहल्या रात्र नाही. ती बाई आहे: मुनिवेषातल्या इंद्राला ओळखते, तरी त्या क्षणी होकार देते, आणि मग वायू भक्षून, राखेत पडून तप करते. वाल्मीकींनी तिला शिळाही केलेलं नाही, ते पुढच्या कथनांतलं. तिला रात्र केलं की तिची चूक, तिचं तप आणि तिची सुटका, तिन्ही पुसली जातात.

तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा रामानं केलेला वध उत्तरकांडातला, आणि उत्तरकांड नंतरचं आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ‘प्रक्षिप्त’ म्हणून सोडून देण्याआधी भवभूतींनी काय केलं ते बघा. विदर्भातल्या पद्मपूरचा हा नाटककार आपल्या रामाला तलवार उगारताना स्वतःच्या उजव्या हाताशी बोलायला लावतो: चालव शस्त्र, गर्भभारानं थकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचाच तू हात आहेस, तुला कुठली करुणा? आठव्या शतकाच्या सुमारास एका भक्तिमान कवीला हा प्रसंग टोचला. त्यानं रूपकही केलं नाही आणि समर्थनही केलं नाही. टोचणी रामाच्याच तोंडी घातली.

१२. बळी आणि वामन: महात्मा फुल्यांनी सांगितलेला अर्थ रूपक म्हणायचा का?

ती तिसरीच जात आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी दशावतारांकडे झाकलेला इतिहास म्हणून पाहिलं. बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, वामन हा बाहेरून येऊन त्याचं राज्य घेणाऱ्यांचा प्रतिनिधी. आध्यात्मिक रूपकात कथा आत, मनाकडे वळते. इथे ती समाजाकडे वळली.

इतिहास म्हणून तपशील तपासले तर ही मांडणी सगळीकडे टिकत नाही. ऋग्वेदात विष्णूची तीन पावलं आहेत पण तिथे बळी नाही. म्हणजे कथा थराथरानं वाढलेली आहे. पण दिवाळीत ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या बायकांच्या तोंडी कुणाचं राज्य मागितलं जातं, हा प्रश्न जोतीरावांनी विचारला आणि त्याला पुराणिकांकडे उत्तर नव्हतं. भागवतसुद्धा बळीला खलनायक करत नाही. शब्द पाळणारा म्हणून गौरवतं, आणि देव त्याच्या सुतलातल्या दारावर राखण करत उभा राहतो.

१३. ‘सूनबाई, कथा अर्धवट सोडून उठू नये, साधुवाण्याचं काय झालं ठाऊक आहे ना?’ असं सासूबाई म्हणतात. व्रतकथांतल्या फळांचं आणि शापांचं काय?

भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर नाथांनी टीका लिहिली, भगवान उद्धवाला म्हणतात की फलश्रुती हे परम श्रेय नव्हे. औषधाची गोडी लागावी म्हणून गोड काही दाखवावं तशी ती रुचीसाठी सांगितलेली आहे. हे वाक्य सासूबाईंना वाद जिंकण्यासाठी ऐकवू नका. त्यांना कथेत बसायला आवडत असेल तर बसा. पण मुलाचा ताप किंवा नोकरी जाणं हे प्रसाद न घेतल्यामुळे झालं असं कुणी म्हणू लागलं, तर तिथे मात्र हा श्लोक शांतपणे काढून दाखवा. भीतीला ग्रंथाचा आधार नाही, हे कळणं त्यांनाही हलकं करणारं आहे.

१४. विमानं आणि शस्त्रक्रिया पूर्वीच होत्या असं म्हणणं म्हणजे कथा शब्दशः घेणंच ना?

वरून तसं दिसतं, पण ते शब्दशः वाचन नाही. पुष्पक मनाच्या वेगानं, इच्छेनुसार जातं असं रामायण सांगतं. शब्दशः घ्यायचं तर ते दिव्य यान आहे, यंत्र नव्हे. त्याला इंजिन बसवणं हेही एक रूपकच, फक्त आजच्या अभिमानासाठी केलेलं. ‘वैमानिकशास्त्र’ म्हणून जो ग्रंथ पुढे केला जातो, त्याचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपास केला. तो विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली यानं उडू शकणार नाहीत असं ठरलं.

१५. लक्ष्मणरेषा, ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे मूळ ग्रंथात नाही म्हणतात. मग आपण वाचतो ते काय?

वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषा नाही. मयसभेत दुर्योधन फसतो तेव्हा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (प्रश्न १०) द्रौपदीचं ते वाक्य नाही. हसतात ते भीम आणि इतर. व्यास सांगतात आणि गणपती लिहितो, ही कथाही त्या आवृत्तीत मूळ संहितेबाहेर गेली. या आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालं.

‘मुळात नाही’ म्हणजे ‘निरर्थक’ असं मात्र समजू नका. रेषा नंतर आली, पण का आली हे विचारण्यासारखं आहे: सीतेच्या हरणाचा दोष कुणाच्या तरी मर्यादा ओलांडण्यावर टाकण्याची गरज कुणाला वाटली? शब्दशः की रूपक हे ठरवण्याआधी, आपण कोणत्या शतकातला शब्द वाचतोय हे पाहावं.

१६. बाकीच्या धर्मांतही हा वाद आहे का?

आहे. बायबलमधला ईयोब झालाच नाही, तो दृष्टांत होता, असं एक मत ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात नोंदलेलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगतो आणि शिष्यांना कळला नाही म्हणून स्वतः उलगडतो, अगदी पुरंजनाच्या आख्यानासारखं. आपल्याकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये बायबलची कथा दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ म्हणून छापली. आणि सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचे की वेगळे, हा खल संत ऑगस्टीन चौथ्या-पाचव्या शतकांच्या सांध्यावर करत होते.

१७. सात वर्षांची मुलगी विचारते, ‘आई, मारुतीनं सूर्य खरंच गिळला होता?’ काय सांगू?

‘रामायणात मारुतीनं सूर्याकडे झेप घेतल्याची गोष्ट आहे’ हे सांगा, ते खरं आहे. मग विचारा, तुला काय वाटतं? मुलं बहुतेक वेळा स्वतःच सांगतात की सूर्य खूप मोठा आणि गरम असतो. तिथे ‘हो, गिळला’ म्हणून तिला गप्प करू नका आणि ‘सगळं खोटं असतं’ म्हणून गोष्टही हिसकावू नका. वाल्मीकी रामायणात मारुती फळ समजून सूर्याकडे झेप घेतो आणि इंद्राच्या वज्रानं हनुवटीवर घाव बसून खाली पडतो. ते तिला पुरतं सांगा. भुकेल्या बाळाची ती झेप तिला लगेच कळेल. अर्थ समजावण्याची घाई मोठ्यांना असते.

१८. भागवतातच ‘या कथा परमार्थ नव्हेत’ असं लिहिलंय म्हणतात. मग वादच संपला ना?

श्लोक खरा आहे, बाराव्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायातला. शुक परीक्षिताला म्हणतात: कीर्ती पसरवून निघून गेलेल्या थोर राजांच्या या कथा मी तुला विज्ञान आणि वैराग्य सांगण्यासाठी सांगितल्या, ते वाणीचं वैभव आहे, परमार्थ नव्हे. पुराणानं आपल्याच कथांबद्दल इतकं मोकळेपणानं बोलावं, हे थक्क करणारं आहे.

पण लगेच पुढचा श्लोक येतो, आणि तो वगळूनच बहुतेक जण पहिला सांगतात. त्यात शुक म्हणतात की अमंगल नाहीसं करणारं उत्तमश्लोकाचं, म्हणजे भगवंताचं, गुणवर्णन मात्र कृष्णाच्या ठायी निर्मळ भक्ती हवी असणाऱ्यानं रोज, पुन्हा पुन्हा ऐकावं. राजांच्या कथांना एक न्याय, कृष्णकथेला दुसरा. कृष्णलीलाही रूपकच, असं या श्लोकाच्या आधारानं म्हणता येत नाही. तसं म्हणायचं असेल तर दुसरा आधार शोधावा लागेल. आणि भागवतातलं सगळं अक्षरशः घडलं असं म्हणणाऱ्याला पहिल्या श्लोकाचं उत्तर द्यावं लागेल. पुढच्या वेळी कुणी यातला एकच श्लोक पुढे केला, तर ग्रंथ उघडून दोन्ही एकत्र वाचायला सांगा.